बॉबी तल्यारखान : लेखणी, माईक आणि धर्मांत वाटलेले मैदान

ए. एफ. एस. तल्यारखान ऊर्फ 'बॉबी' (१८९७–१९९०) हे मुंबईचे पारशी क्रीडास्तंभलेखक आणि भारतातील पहिले क्रिकेट समालोचक. १९३४ साली मुंबईत त्यांनी रेडिओवरून क्रिकेट सामन्याचे धावते वर्णन केले. भारतातील क्रिकेट समालोचनाची सुरुवात तिथून धरली जाते. पुढे जवळपास दीड दशक रेडिओवरचे क्रिकेट म्हणजे तल्यारखान, असे समीकरण होते. १९४८-४९ मध्ये त्यांनी माईक सोडला, पण लेखणी सोडली नाही. 'ब्लिट्झ' साप्ताहिकात आणि नंतर 'मिड-डे'मध्ये त्यांचा स्तंभ मुंबईकर वर्षानुवर्षे वाचत राहिले.

एका पारशी क्रीडालेखकाची माहिती आपल्या संकेतस्थळावर कशासाठी, असा प्रश्न खर्डी, शहापूर, मुरबाडकडच्या तरुण वाचकांना पडू शकतो. उत्तर सरळ आहे. तल्यारखान ज्या स्पर्धेचे वर्णन करत, त्याच स्पर्धेत पालवणकर बाळू आणि त्यांच्या भावांनी अस्पृश्यतेच्या भिंतीला धडका दिल्या होत्या. मात्र बाळू मैदानात होते तेव्हा माईक नव्हता आणि माईक आला तेव्हा बाळू मैदानात नव्हते. कोणाचा खेळ लोकांच्या कानांपर्यंत पोहोचतो, कोणाचा नाही, आणि हे कोण ठरवते, याचा धडा या एका कारकिर्दीत आहे. उद्या हातात माईक किंवा लेखणी घेऊ पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी तो समजून घ्यावा, यासाठी हा लेख.

माईक येण्याआधीचे मैदान

मुंबईचे जुने क्रिकेट धर्मांत वाटलेले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने सुरू झाले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुस्लिम संघ आला आणि ती चौरंगी झाली. १९३७ मध्ये पाचवा संघ आला. त्याचे नाव होते 'द रेस्ट', म्हणजे 'उरलेले'. भारतीय ख्रिश्चन, ज्यू आणि बौद्ध अशा, चार मोठ्या गटांत न बसणाऱ्या खेळाडूंसाठी हा संघ होता.

इथे क्षणभर थांबायला हवे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेला अजून एकोणीस वर्षे होती. ज्या देशात बुद्धांनी धम्म सांगितला आणि ज्यांच्या विचाराने लेणी कोरली गेली, त्या देशाच्या सर्वांत मोठ्या क्रिकेट स्पर्धेत बौद्धांची जागा 'उरलेल्यां'च्या यादीत होती. याच 'उरलेल्यां'कडून सांगलीचे विजय हजारे खेळत, कारण ते ख्रिश्चन होते. डिसेंबर १९४३ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर हिंदू संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात 'द रेस्ट'ने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे भाऊ विवेक यांच्याबरोबर त्यांनी ३०० धावांची भागीदारी केली, त्यात विवेक यांचा वाटा २१ धावांचा होता. सामना हरला, पण उरलेल्यांच्या संघातला माणूस सगळ्यांच्या लक्षात राहिला.

हिंदू संघात कोण, हा प्रश्न त्याहून जुना होता. त्या प्रश्नाचे नाव पालवणकर बाळू.

पालवणकर बाळू : वर्णन न झालेली गोलंदाजी

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. वडील लष्करात नोकरीला होते. पुण्यात बाळू आधी पारशांच्या आणि मग युरोपियनांच्या क्लबवर खेळपट्टीची निगा राखण्याचे काम करत. तिथे सरावासाठी साहेबांना गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. फलंदाजीची संधी मात्र त्यांना दिली जात नसे. बॅट साहेबाच्या हातात, घाम गाळून चेंडू टाकणारा हात आपला, अशी ती वाटणी होती.

गोलंदाजी इतकी उत्तम की हिंदू संघाला त्यांना घेणे भाग पडले. मैदानात सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्यांना तंबूच्या बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाची पंगतही वेगळी. चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे, हे गणित कोणत्या शास्त्रात बसते याचे उत्तर कोणी दिले नाही. १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना हरवले, त्या विजयात बाळूंचा आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम यांचा मोठा हात होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले.

एवढे करूनही कर्णधारपद मिळाले नाही. १९२० मध्ये बाळूंना डावलून दुसऱ्याकडे नेतृत्व देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन भावांनी संघातून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे मांडली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार म्हणून संघात घ्यावे लागले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. बाळूंची मोठ्या स्पर्धेतील कारकीर्द १९२० च्या सुमारास संपली. तल्यारखान यांचे पहिले समालोचन १९३४ चे. मध्ये चौदा वर्षे. त्यामुळे बाळूंच्या चेंडूचे धावते वर्णन कोणी केलेच नाही. आपल्याकडे आकडे आहेत, वर्तमानपत्रातल्या बातम्या आहेत, आठवणी आहेत. चेंडू कसा वळत होता हे सांगणारा जिवंत आवाज नाही. इंग्रजी वाचकवर्गात बाळूंचे नाव नव्याने गाजले ते २००२ साली, रामचंद्र गुहा यांच्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासावरील पुस्तकामुळे. बाळू १९५५ मध्ये गेले. म्हणजे मृत्यूनंतर जवळपास अर्धे शतक लोटले होते.

१९३४ : पहिला आवाज

मुंबईचे रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचे. कंपनी बुडाली, सरकारने १९३० मध्ये कारभार हाती घेतला आणि १९३६ मध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. तल्यारखान यांचे पहिले समालोचन या दोन टप्प्यांच्या मधले. चौरंगी स्पर्धा, मुंबईचे एस्प्लनेड मैदान, सामना पारशी विरुद्ध मुस्लिम.

त्या काळात रेडिओ संच महाग होता आणि तो ठेवायला परवाना लागे. त्यामुळे घरोघरी रेडिओ नव्हता. हॉटेलांत आणि दुकानांसमोर उभे राहून लोक ऐकत. भाषा इंग्रजी. गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबणाऱ्या मराठी माणसाला त्यातले शब्द कमी आणि आवाजाचा चढउतार जास्त कळत असणार. तरीही तो आवाज लोकप्रिय झाला, याचे श्रेय तल्यारखान यांच्या पद्धतीला द्यावे लागते.

त्यांच्या पद्धतीची तीन वैशिष्ट्ये सांगता येतात. पहिले, ते एकटे बोलत. सकाळी खेळ सुरू झाल्यापासून संध्याकाळी संपेपर्यंत, जेवणाची आणि चहाची सुट्टी सोडली तर, माईकवर दुसरे कोणी नसे. दुसरे, आवाज भरदार होता आणि किस्से भरपूर. दोन चेंडूंच्या मधली रिकामी जागा ते माणसांच्या गोष्टींनी भरत. तिसरे, मत द्यायला ते कचरत नसत. स्तंभलेखकाची ही सवय त्यांच्या बोलण्यातही होती.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. बातमीदार काय झाले ते सांगतो. स्तंभलेखक जे झाले त्याचा अर्थ लावतो आणि आपल्या नावाने त्याची जबाबदारी घेतो. समालोचकाला ही दोन्ही कामे एकाच वेळी, चेंडू पडत असताना करावी लागतात. कागदावर चुकलेला शब्द खोडता येतो. माईकवरचा शब्द गेला तो गेला. म्हणून लिहिण्याची शिस्त असलेला माणूस माईकवर गेला की तो नेमके बोलू शकतो. तल्यारखान यांच्या कारकिर्दीतून शिकण्यासारखी ही पहिली गोष्ट.

धर्माच्या संघांचा शेवट

तल्यारखान यांचा आवाज ज्या स्पर्धेवर मोठा झाला, ती स्पर्धा मात्र वादात सापडली. डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटले. धर्मावर आधारलेले संघ आपल्याला पटत नाहीत, असे गांधीजींनी सांगितले. मुंबईत निदर्शने झाली, वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनी लिहिले गेले. तरी प्रेक्षक येतच राहिले. अखेर १९४६ नंतर पंचरंगी सामने बंद पडले आणि प्रांतांच्या संघांची रणजी स्पर्धा ही मुख्य स्पर्धा उरली.

आंबेडकरी वाचकाने या वादाकडे थोडे निराळ्या नजरेने पाहिले पाहिजे. धर्माच्या नावाचे संघ वाईटच. पण 'हिंदू' नावाच्या एका संघात बाळूंचा कप वेगळा होता, हे त्या वादात किती जणांना आठवले? दोन धर्मांमधली भिंत सर्वांना दिसत होती. एकाच धर्माच्या आतली, तंबूच्या दारातली भिंत बघायची सवय नव्हती. संघाचे नाव बदलले, धर्माऐवजी प्रांत आला, म्हणून ती आपोआप पडत नाही.

बाळूंच्या राजकारणाचाही उल्लेख प्रामाणिकपणे करायला हवा. तरुणपणी बाबासाहेबांना बाळूंचा अभिमान होता. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते आणि करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने त्यांना मुंबईत थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेब १३,२४५ मते घेऊन जिंकले, बाळूंना ११,२२५ मते पडली. मतभेद होते म्हणून मैदानावरचा माणूस लहान होत नाही, आणि खेळाडू मोठा होता म्हणून त्याचे राजकारण बरोबर ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र सांगता आल्या पाहिजेत. चांगल्या स्तंभलेखकाचे ते काम आहे.

माईक सोडला, लेखणी ठेवली

१९४८-४९ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ भारतात आला. ऑल इंडिया रेडिओने ठरवले की यापुढे एकाऐवजी तीन समालोचक आळीपाळीने बोलतील. तल्यारखान यांना माईक वाटून घेणे मान्य नव्हते. ते बाहेर पडले. पुढे काही वेळा ते रेडिओवर परतले, पण दिवसभर एकट्याने बोलण्याचा तो काळ संपला.

या निर्णयाकडे दोन बाजूंनी पाहता येते. एकट्या माणसाच्या वर्णनाला एक सूर असतो, ऐकणाऱ्याशी त्याचे नाते जुळते. पण एकच आवाज म्हणजे एकच नजर. त्याने ज्याचे नाव घेतले तो खेळाडू मोठा, ज्याचे घेतले नाही तो ऐकणाऱ्यासाठी नव्हताच. माईक वाटून घेण्याची पद्धत न्याय्यच होती. मात्र तीन खुर्च्या ठेवल्या म्हणून तीन नजरा येतातच असे नाही; तिन्ही खुर्च्यांवर एकाच शाळेतून, एकाच क्लबातून आलेली माणसे बसली तर नजर एकच राहते.

माईक सुटल्यावर तल्यारखान यांचे बळ ठरला तो स्तंभ. 'टेक इट फ्रॉम मी', म्हणजे 'माझ्याकडून ऐका', हे त्याचे नाव. शेवटी 'डू यू गेट मी, स्टीव्ह?' हा त्यांचा ठरलेला वाक्प्रयोग असे. 'ब्लिट्झ' हे रुसी करंजिया यांनी १९४१ मध्ये सुरू केलेले इंग्रजी साप्ताहिक रोखठोक लिखाणासाठी प्रसिद्ध होते, तिथे हा सूर बरोबर बसला. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर मुंबईच्या खेळजगतात त्यांचे नाव टिकून होते. माईक दुसऱ्याच्या मालकीचा असतो, तो काढून घेता येतो. लिहिण्याची सवय आपली असते. त्यांच्या कारकिर्दीची ही दुसरी शिकवण.

मराठीचा माईक, मराठीचे पान

इंग्रजीतला हा खेळ मराठी कानांपर्यंत आणणाऱ्यांत बाळ ज. पंडित यांचे नाव पहिल्या रांगेत येते. महाराष्ट्राकडून रणजी क्रिकेट खेळलेल्या पंडितांनी आकाशवाणीवर मराठीतून समालोचन केले आणि क्रिकेटवर मराठीत पुस्तके लिहिली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठीतून ऐकू लागल्यावर शेतावर, गोठ्यात, एसटीच्या थांब्यावर ट्रान्झिस्टर कानाला लावलेला माणूसही खेळातला जाणकार झाला. भाषा बदलली की ऐकणारा बदलतो.

छापील बाजूला वि. वि. करमरकर यांचे काम तेवढेच मोठे. १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स' सुरू झाला आणि त्यात खेळाला हक्काचे पान मिळाले, ते करमरकरांच्या आग्रहाने आणि मेहनतीने उभे राहिले. क्रिकेटबरोबर कबड्डी, खो-खो या आपल्या मातीतल्या खेळांना त्यांनी जागा दिली. समालोचनही त्यांनी केले. मार्च २०२३ मध्ये ते गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये द्वारकानाथ संझगिरी गेले. मुंबई महापालिकेत अभियंत्याची नोकरी सांभाळून त्यांनी क्रिकेटवर मराठीत विपुल लिहिले आणि व्यासपीठावरून, दूरचित्रवाणीवरून ते बोलत राहिले. पोटासाठी नोकरी आणि आवडीसाठी लेखणी, ही वाट आपल्या बहुतेक तरुणांना जवळची वाटेल.

अलीकडे दार आणखी उघडले आहे. २०२३ च्या आयपीएलचे समालोचन मोबाईलवर मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकायला मिळाले. पुण्याचा केदार जाधव तेव्हा मराठी समालोचन करत होता आणि तिथूनच त्याला बंगळुरू संघाने खेळायला बोलावून घेतले. एकेकाळी एकच माईक आणि एकच भाषा होती, त्या देशात आज मराठी समालोचकाची गरज पडते.

बाबासाहेबांनी दोन्ही साधने वापरली

आपल्या चळवळीला लेखणी आणि ध्वनिलहरी या दोन्हींचे महत्त्व आधीपासून माहीत आहे. पालवणकर बंधूंनी संघातून माघार घेतली ते १९२० हेच वर्ष 'मूकनायक'चे. ३१ जानेवारी १९२० रोजी त्याचा पहिला अंक निघाला. पैसे देऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी' तयार झाला नव्हता. ३ एप्रिल १९२७ रोजी 'बहिष्कृत भारत' सुरू झाले, त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईचे रेडिओ केंद्र सुरू झाले. पुढे १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'.

संपादक बाबासाहेब रेडिओवरही बोलले. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी ऑल इंडिया रेडिओवरील भाषणात त्यांनी स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही आपली तत्त्वे फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतलेली नसून आपले गुरू भगवान बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतलेली आहेत, असे स्पष्ट केले. बीबीसीला त्यांनी मुलाखत दिली. मे १९५६ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकेवर भारतातील लोकशाहीच्या भवितव्यावर त्यांचे भाषण झाले. स्वतःचे वृत्तपत्र आधी काढले, दुसऱ्याचा माईक नंतर मिळाला, आणि मिळाला तेव्हा काय बोलायचे हे पक्के ठरलेले होते. हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

खर्डीच्या मैदानावर हे कसे लागू होते

खर्डी हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे, शहापूर तालुक्यातले गाव. तानसा, भातसा, वैतरणा ही मुंबईला पाणी पुरवणारी नावे याच भागाची. पाणी मुंबईला जाते, कसारा लोकलने माणसे कल्याण-ठाणे-मुंबईला जातात. बातमी मात्र उलट दिशेने फार कमी येते. आपल्या गावच्या सामन्याचा निकाल दुसऱ्या दिवशीच्या पेपरात सापडणे अवघड. गावातले खेळाडू चांगले असतात. लिहिणारे हात आणि बोलणारे गळे कमी पडतात.

शहापूर-मुरबाड पट्ट्यात कबड्डी आणि टेनिस चेंडूचे क्रिकेट गावोगाव चालते. मैदानाच्या कडेला टेबल, त्यावर गुणपत्रक, शेजारी माईक आणि बांबूला बांधलेला भोंगा. आता मोबाईल उभा करून सामना थेट दाखवलाही जातो. तल्यारखान यांच्याकडे १९३४ मध्ये जे साधन एकट्याकडे होते, त्याहून मोठे साधन आज एका मंडळाच्या पोराच्या खिशात आहे. ते वापरण्यासाठी चार गोष्टी करता येतील.

एक, गुणलेखनापासून सुरुवात करा. कबड्डीतली चढाई, पकड, बोनस, लोण यांची नोंद चुकता कामा नये. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूची नोंद ठेवा. बाळूंचे ११४ बळी आज आपण छातीठोकपणे सांगतो, कारण ते कोणीतरी कागदावर उतरवले होते. सामना संपल्यावर गुणपत्रक फेकू नका. वर्ष, ठिकाण, दोन्ही संघांची नावे लिहून फाईलला लावा.

दोन, प्रत्येक सामन्यावर दीडशे-दोनशे शब्द लिहा. कोण जिंकले हे पहिल्या वाक्यात, सामना कुठे फिरला हे दुसऱ्यात, बाकी त्यानंतर. खेळाडूचे पूर्ण नाव आणि गाव लिहा. टोपणनावाने हाक मारणे मैदानात ठीक, पण पन्नास वर्षांनी शोधणाऱ्याला टोपणनावावरून माणूस सापडत नाही. मुलींच्या सामन्यावर तेवढेच शब्द लिहा, जेवढे मुलांच्या सामन्यावर लिहिता.

तीन, माईकवर बोलताना गुणसंख्या वारंवार सांगा. उशिरा आलेल्या माणसाला दोन मिनिटांत सामन्याची स्थिती कळली पाहिजे. खेळाडूच्या जातीवर, रंगावर, शरीरावर विनोद नको. सम्यक वाचा ही धम्माने दिलेली शिस्त आहे. खोटे, तोडणारे, कठोर आणि पोकळ बोलणे टाळायचे, हे समालोचकासाठी याहून चांगले काय सांगणार? आणि माईक वाटून घ्या. तल्यारखान यांना ते जमले नाही, आपल्याला जमले पाहिजे. एका सत्रात मुलगा, एका सत्रात मुलगी. आदिवासी वाडीचा संघ खेळत असेल तर त्या वाडीतलाच कोणी बोलू द्या.

चार, ध्वनिमुद्रण जपून ठेवा. थेट प्रक्षेपण संपले की ते पुसून टाकू नका. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषकांसाठी आवाजाची चाचणी होते. तिथे जाणाऱ्याला असा सराव उपयोगी पडतो. आणि कोणी आकाशवाणीवर गेले नाही तरी गावाकडे आपल्या खेळाचा आवाज राहतो.

कारकिर्दीचे मोल

तल्यारखान यांनी भारतीयांना कानांनी क्रिकेट पाहायला शिकवले, हे त्यांचे निर्विवाद काम. ज्या स्पर्धेवर त्यांचा आवाज घडला ती माणसांना धर्मांत वाटणारी होती, हेही तितकेच खरे. ती त्यांनी निर्माण केली नव्हती; ते त्या काळाचे समालोचक होते. मात्र त्या काळात ज्याच्याकडे माईक नव्हता त्याचे काय झाले, हे बाळूंच्या कपाने दाखवून दिले आहे. बाळूंच्या हातात चेंडू होता, माईक दुसऱ्याच्या हातात जायचा होता, आणि तो आला तेव्हा चौदा वर्षे उशीर झाला होता.

आपल्या मैदानांवर आज जो मुलगा किंवा मुलगी चढाईला जाते आहे, तिच्यासाठी तो उशीर होऊ नये. पुढच्या जयंतीच्या स्पर्धेत टेबलाशी एक खुर्ची जास्त ठेवा आणि त्या खुर्चीवर वही घेऊन कोणाला तरी बसवा.

जय भीम. नमो बुद्धाय.